सापडत नाही म्हणजे नाही, असं नव्हे

प्रोग्रामिंग करणाऱ्याला वरचेवर भेटणारा एक संदेश आहे, ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’. मॉड्यूल सापडत नाही. नवशिका तो वाचतो आणि फाइल उडाली की काय म्हणून घाबरतो. फाइल बहुतेक वेळा जागेवरच असते. संगणक एवढंच म्हणत असतो की मला जिथं जिथं बघायला सांगितलं होतं, तिथं त्या नावाचं काही मिळालं नाही.

मी नाशिकमध्ये हेच काम करतो आणि रविवारी जुन्या नाशकातल्या काही मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकवतो. कोडपेक्षा त्यांचा जास्त वेळ या संदेशात जातो. म्हणून त्याविषयी नीट लिहावंसं वाटलं. लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट निघाली, ती पुढे येईलच.

मोठा प्रोग्राम कुणी एका फाइलमध्ये लिहीत नाही. त्याचे तुकडे पाडतात आणि वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतात. एका तुकड्याला दुसरा लागला की तो पत्ता देऊन मागवतो. त्या पत्त्यावरून नेमक्या फाइलपर्यंत पोचण्याची रीत म्हणजे मॉड्यूल रिझोल्यूशन. नोड-जेएसमध्ये पत्ता टिंबानं सुरू झाला, तर तो मागवणाऱ्या फाइलच्या जागेपासून मोजतात. नुसतं नाव दिलं, तर आधी ते नोडच्या स्वतःच्या मॉड्यूलांत आहे का ते बघतात. नसेल तर त्याच फोल्डरातल्या ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये, मग वरच्या फोल्डरातल्या, मग त्याच्याही वरच्या, असं थेट मुळापर्यंत शोधत जातात.

टिंबाचा पत्ता आपल्या ओळखीचा आहे. जुन्या नाशकात घर सांगायचं तर आपण म्हणतो, ‘दूध बाजारातून आत या, मशिदीच्या पुढं डावीकडं वळा, तिसरं घर.’ दूध बाजारात उभ्या असलेल्याला हे पुरेसं आहे. द्वारकेच्या चौकात उभं राहून त्यानं हेच पाळलं, तर तो भलतीकडे जाईल. नमाजचंही तसंच. नाशिकमध्ये आपण पश्चिमेकडे तोंड करतो, मदिनेत दक्षिणेकडे करतात, मोरोक्कोत पूर्वेकडे. काबा जागचा हलत नाही, उभा राहणारा हलला की दिशा बदलते. ज्यानं फक्त ‘पश्चिम’ एवढंच लक्षात ठेवलं, तो लंडनला गेल्यावर चुकीच्या बाजूला उभा राहील.

कोडमध्ये हे ‘../../../’ अशा टिंबांच्या माळेत दिसतं. तीन पायऱ्या वर चढा, मग खाली उतरा. फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली की माळ मोडते. चाळीस फाइली हलवल्या तर चाळीस ठिकाणी दुरुस्ती.

यावरचा उपाय म्हणजे टोपणनाव, ज्याला एलिअस म्हणतात. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डराला ‘@’ असं नाव द्यायचं आणि कुठूनही ‘@’ पासून पत्ता सांगायचा. उद्या ते फोल्डर दुसरीकडे नेलं, तरी एकाच ठिकाणची नोंद बदलावी लागते. आपल्या शहराला याची सवय आहे. मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. इंग्रजांनी 1883 च्या गॅझेटियरमध्ये त्याचं स्पेलिंग ‘नासिक’ असं केलं, आज आपण ‘नाशिक’ असं करतो. रेल्वेच्या नोंदीत मात्र नाशिक रोड स्टेशन ‘एनके’ या दोन अक्षरांनी ओळखलं जातं. फलकावर काहीही लिहा, तिकीट त्याच स्टेशनचं निघतं.

पण टोपणनाव ज्याला सांगितलंय त्यालाच कळतं. मुलं नेमकी इथं अडकतात. टाइपस्क्रिप्टच्या 2.0 आवृत्तीत, 2016 साली, ‘पाथ्स’ नावाची सोय आली. तिथं ‘@’ चा अर्थ लिहिला की टाइपस्क्रिप्ट खूश होतं, एडिटरमधल्या लाल रेघा जातात. मात्र टाइपस्क्रिप्ट आपल्या कोडमधला पत्ता बदलून देत नाही. तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये ‘@’ तसाच राहतो, आणि नोडला त्याचा पत्ताच नसतो. वेबपॅक किंवा वाइट वापरत असाल तर त्यांना वेगळं सांगावं लागतं, चाचण्यांसाठी जेस्ट असेल तर त्यालाही. एक नाव, चार दफ्तरं, आणि चारही ठिकाणी नोंद एकसारखी हवी. ते टाळायचं असेल तर ‘पॅकेज’ फाइलमधल्या ‘इम्पोर्ट्स’ या रकान्यात ‘#’ नं सुरू होणारी नावं लिहावीत. ती नोडला स्वतःला समजतात आणि टाइपस्क्रिप्टची नवी आवृत्तीही ती वाचते. नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याला मी हेच सुचवतो.

आता दुसरी अडचण. आमच्या गटातल्या एका मुलीनं मोहल्ल्यातल्या वाचनालयासाठी पुस्तकांची नोंदवही बनवली. तिच्या लॅपटॉपवर सगळं चालायचं, सर्व्हरवर चढवलं की ‘सापडत नाही’. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, मागवताना तिनं ते स्मॉल लिहिलं होतं. विंडोज सहसा हा फरक मनावर घेत नाही, लिनक्स घेतं. ती उर्दू माध्यमात शिकलेली. तिला प्रश्न पडला की अक्षर तर तेच आहे, मग नाव वेगळं कसं? प्रश्न अगदी रास्त होता. उर्दू लिपीत कॅपिटल-स्मॉल नसतं आणि देवनागरीतही नसतं. आपल्या डोळ्यांना तो फरक सजावटीचा वाटतो. टाइपस्क्रिप्टमध्ये हा फरक आधीच पकडणारी एक सेटिंग आहे, आणि 5.0 या आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते. जुन्या प्रकल्पात ती स्वतः चालू करावी. जवळच्या यंत्रानं सांभाळून घेतलेली चूक दूरच्या यंत्रावर उघडी पडते, त्यापेक्षा घरीच कळलेली बरी.

फाइलींच्या बाबतीत मी या कडकपणाच्या बाजूनं आहे. पण रविवारच्या त्या तासानंतर दुसऱ्याच एका ‘सापडत नाही’ची आठवण झाली.

माझ्या अम्मीच्या एका कागदावर नावापुढे ‘बी’ आहे, दुसऱ्यावर नाही. पूर्वी कार्यालयात बसणारा कारकून हे बघून हसायचा आणि पुढे सरकायचा, कारण तो तिला ओळखत होता. आता अर्ज ऑनलाइन भरतात. एका कार्यालयातून तिचा अर्ज ‘नाव जुळत नाही’ एवढ्या तीन शब्दांनी परत आला. मराठी मुसलमानांच्या घरोघरी अशी कागदं आहेत. महंमद, मोहम्मद, मुहम्मद आणि नुसतं ‘मो.’, चारही एकाच माणसाचे. ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग भावाभावांतही जुळत नाही. कधी शेख नावाच्या आधी येतो, कधी नंतर, आणि यंत्र त्यालाच पहिलं नाव समजतं. हा त्रास फक्त आपला नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या कुठल्याही बाईला विचारा.

मी या दोन गोष्टी शेजारी ठेवतो तेव्हा फरक स्पष्ट दिसतो. फाइलचं नाव मी ठेवलेलं असतं, मी ते एका मिनिटात बदलू शकतो. अम्मीचं नाव कागदावर कुणी, कोणत्या लिपीतून, कसं उतरवलं, यात तिला कुणी विचारलंच नव्हतं. तरीही दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे तिच्याच वाट्याला. जे टोपणनाव आम्ही एका फोल्डराला सहज देतो, ते माणसाला द्यायची सोय त्या प्रणालीत कुणी ठेवली नाही. ठेवता आली असती. एका व्यक्तीच्या नोंदीत चार स्पेलिंगं राहू शकतात, आणि जुळलं नाही तर अर्ज फेटाळण्याआधी माणसाकडे पाठवता येतो. यात अवघड तंत्र काही नाही.

आपल्याच नाशिक रोडच्या छापखान्यात देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात. त्या पुस्तिकेत पुढे जे नाव पडतं, त्यावर लोकांची नोकरी आणि हजचा प्रवास अवलंबून असतो. तिथं अक्षर चुकून चालणार नाही, हे मान्यच आहे. म्हणूनच लोकांना माझं सांगणं आहे की घरातले कागद एकदा शेजारी ठेवून बघा आणि फरक असेल तर गरज पडण्याआधी दुरुस्त करून घ्या. आणि जी मुलं उद्या अशा प्रणाली बांधणार आहेत, त्यांना माझं मागणं वेगळं आहे.

त्या मुलीनं वाचनालयाच्या नोंदवहीत सभासदाच्या नावाखाली एक जादा रकाना घातला, ‘असंही लिहितात’. शोध घेताना तिचा प्रोग्राम दोन्ही रकाने बघतो. पहिल्याच आठवड्यात त्यात अकरा नोंदी झाल्या.