राखणदाराचा पाय

माणसाचे पाऊल मुरगळले की ते वृत्त प्रथम घरात, मग आळीत आणि दोन दिवसांत परगावच्या सोयऱ्यांपर्यंत जाहीर होते. कुत्र्याला ही विद्या अवगत नाही. दुखणे लपविणे हा त्याच्या रानटी पूर्वजांचा वारसा होय. आणि कुत्रे कामाचे असले म्हणजे हा वारसा दुणावतो, कारण काम समोर दिसले की त्याला स्वतःच्या पायाचा विसर पडतो. ऋग्वेदातील सरमा ही आपल्या वाङ्मयातील पहिली कामकरी कुत्री. दडविलेल्या गाईंच्या शोधात ती पणींच्या दारी जाऊन उभी राहिली, तेव्हा एवढ्या लांबची वाट आणि रसा नदीचे पाणी तू कसे ओलांडलेस, असे त्यांनी तिला विचारले. पाय दुखले काय, हे मात्र त्या सूक्तात ना पणी विचारतात, ना तिला धाडणारा इंद्र.

आमचे थोडे रान भोरच्या पुढे, घाटाच्या वाटेवर आहे. दसरा झाला की फलटण-माणकडच्या कोरड्या मुलखातून धनगरांचे वाडे कोकणात उतरू लागतात. घोड्यांवर संसार, त्यावर बांधलेली कोंबडी आणि नुकती जन्मलेली कोकरे, मागे मेंढरांचा लोंढा आणि कडेने कुत्री, अशी ती यात्रा असते. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरे रानात बसवितात, तशी आम्हीही बसवितो. या धनगरी कुत्र्यांची विलायतेतील कोली जातीच्या कुत्र्यांशी तुलना करण्याचा मोह आमच्यासारख्या इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यास होतो, परंतु ती व्यर्थ होय. कोली शिटीच्या इशाऱ्यावर मेंढरे वळवितो. आमच्या धनगराचा कुत्रा मेंढरे वळवीत नाही. तो मेंढरांत वाढतो, त्यांच्याबरोबर चालतो आणि रात्री त्यांच्या कडेला पडून राहतो. देशावर लांडगा आणि घाटात बिबट्या, या दोघांशी त्याची गाठ. बिबट्याला तर मेंढरापेक्षाही कित्येकदा कुत्राच अधिक आवडतो.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात असाच एक वाडा आमच्या रानात उतरला होता. त्यात दहा महिन्यांचा एक कुत्रा होता. हाडापेराने दांडगा, पण चेहऱ्यावर अजून पोरपण. तिसऱ्या दिवशी पहाटे तो उठला तो पुढचा डावा पाय टेकेचना. आदल्या रात्री धडधाकट असलेले जनावर सकाळी तीन पायांवर उभे पाहून वाड्यात जी सभा भरली, ती कोणत्याही विद्वत्परिषदेस शोभली असती. म्हातारीच्या मते दृष्ट लागली होती आणि विळा तापवून खांद्यावर डाग द्यावयास हवा होता. थोरला मुलगा शिकलेला; त्याने आपल्या अंगदुखीची गोळी खिशातून काढली. धनगर स्वतः काहीच बोलला नाही. तो त्या कुत्र्याकडे पाहत होता आणि मधून मधून घाटाकडे.

डाग देण्यास आम्ही हसलो नाही. जेथे वैद्य पोचत नाही तेथे मनुष्य हाताशी असलेल्या अग्नीलाच वैद्य करतो. शिवाय आम्हांस एक शंका येते, ती अशी की, डागलेले जनावर चार दिवस बांधून ठेवावे लागत असेल आणि त्या सक्तीच्या विश्रांतीचे श्रेय विळा घेऊन जात असेल. गोळीला मात्र आम्ही कसून विरोध केला. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी कित्येक, विशेषतः आयब्युप्रोफेनसारख्या, कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. आणि समजा, एखादी गोळी निर्विघ्न पार पडली, तरी तिने काय साधते? पाय तसाच राहतो, फक्त दुखणे गप्प बसते, आणि कुत्रा त्याच पायावर दिवसभर धावतो. वेदना ही येथे एकमेव राखणदार असते. तिलाच अफू चारण्यासारखे हे होय.

प्रथम पाहावयाचा तो पंजा. तोंडाला फडक्याची पट्टी हलकेच बांधावी, कारण दुखावलेला कुत्रा धन्यालाही चावतो. मग बोटांच्या बेचकीत सराटा, बाभळीचा काटा, काच, गोचीड, तुटलेले नख यांचा शोध घ्यावा आणि तेथून वर एकेक सांधा चाचपीत, दुसऱ्या पायाशी ताडून पाहत जावे. कोणता पाय दुखतो हे ओळखणेही पुष्कळदा वाटते तितके सोपे नसते. त्याची खूण मानेत आहे. कुत्र्याला दोरीने धरून कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवावे. पुढचा दुखरा पाय टेकतो त्या क्षणी डोके वर जाते आणि धड पाय टेकताना खाली येते. अंगाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असल्याने तो भार मागे सारण्याची ती धडपड असते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचे ढुंगण वर उचलले जाते. हाड लोंबत असेल, सूज भराभर वाढत असेल, अंगात ताप असेल वा अन्न सुटले असेल, तर हे सारे पाहत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आमच्या रोग्याच्या पंजात काटा निघाला नाही. तालुक्याच्या पशुवैद्यांनी सांधे वाकवून पाहिले, तेव्हा तो मुकाट राहिला. परंतु दंडाच्या हाडावर मध्यभागी अंगठा दाबताच त्याने किंकाळी फोडली. दांडग्या जातीच्या वाढत्या कुत्र्यांना साधारणतः पाच ते अठरा महिन्यांच्या वयात लांब हाडांच्या आत दाह होतो, हा तोच असावा असे ते म्हणाले. पुढे शहरात काढलेल्या क्ष-किरण चित्राने त्यास दुजोरा दिला, आणि खांद्यातील कूर्चेचा तुकडा सुटण्याचा जो दुसरा रोग या वयात होतो, तो नाही हेही कळले. हा दाह आपोआप येतो व आपोआप जातो; मात्र जाताना कधी कधी एका पायातून दुसऱ्यात शिरतो. उपचार म्हणजे विश्रांती आणि त्यांनी मोजून दिलेले कुत्र्याचे औषध.

विश्रांती! फिरत्या वाड्यात हा शब्द कोठे ठेवावयाचा? कोकणात भाताची रिकामी झालेली खाचरे मेंढरांची वाट पाहत होती. एक दिवस उशीर म्हणजे दुसऱ्याचा वाडा तेथे बसणार. "मास्तर, कुत्र्यासाठी वाडा थांबत न्हाय," धनगर म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "लंगडं घाटात नेलं तर पहिल्याच राती वाघरू उचलंल. आन् हितं सोडलं तर मागं मागं येणार." हे निर्दयपणाचे बोल नव्हते. त्याने तिन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला होता आणि प्रत्येक वेळी शिल्लक शून्यच राहत होती. आम्ही कुत्रा ठेवून घेतो म्हटले, तेव्हा त्याने आपल्या कमरेची दोरी सोडून त्याच्या गळ्यात बांधली आणि मागे न पाहता निघून गेला.

पुढील दोन महिने आमच्या पडवीत त्या जनावराने जे सोसले, ते पायाचे दुखणे नव्हते. पहिले तीन दिवस तो जेवला नाही. सकाळी गावची शेरडे घंटा वाजवीत समोरून गेली की तो तीन पायांवर उठून दोरीला ताण देई, आणि ती वळणाआड गेल्यावरही बराच वेळ तसाच उभा राही. काम हिरावून घेतलेल्याला विश्रांती आणि शिक्षा यांतील भेद कसा समजावून सांगावा? त्यातच शेजारच्या हितचिंतकांनी हाडे बळकट व्हावी म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या सुचविल्या. दांडग्या जातीच्या वाढत्या पिलाला जादा कॅल्शियम देणे हाडांच्या वाढीस अपायकारक ठरते, हे त्यांना पटेना. अठराव्या दिवशी डावा पाय सुधारला, आणि चार दिवसांनी उजवा धरला. तेव्हा तर "हे नाटकी आहे" असा निकाल लागला. पशुवैद्यांनी आधीच बजाविले नसते, तर दोन निरनिराळ्या पायांनी लंगडणाऱ्या कुत्र्यावर आमचाही विश्वास टिकला असता की नाही, कोण जाणे.

पौषाच्या अखेरीस अंगणातील फरशीवर तो दुडक्या चालीने फिरला, तेव्हा त्याची मान पाण्यावरच्या होडीसारखी सपाट जात होती. निरोप धाडला. धनगराचा थोरला मुलगा मोटारसायकलवर आला. पहिले आठ दिवस दोरीने थोडथोडे चालवावयाचे, रात्रीच्या राखणीला एकदम सोडावयाचे नाही, हे सारे आम्ही त्यास दोनदा सांगितले. त्याने दोनदा मान डोलावली, जशी आमचे विद्यार्थी डोलावितात. मग त्याने खांद्यावरची घोंगडी खाली टाकली. कुत्र्याने तिच्यात नाक खुपसले, आणि घरातून कोणी भाकरी आणीपर्यंत तो गाडीवर चढून बसलाही होता.

ज्येष्ठ लागण्यापूर्वी वाडा घाट चढून वर आला आणि एक रात्र आमच्या रानात राहिला. संध्याकाळी आम्ही कौतुकाने तिकडे गेलो. मेंढरांच्या पलीकडच्या कडेला तो उभा होता. चारही पायांवर, पूर्वीपेक्षा रुंद छातीचा. आम्ही दहा पावलांवर येताच तो आमच्यावर असा काही भुंकून आला की धनगराला काठी आडवी धरावी लागली.