कापलं की वाढतं : वावरातला लव्हाळा अन् टाकीतलं समुद्रफूल



आजची नोंद वावरातली नाही, अकोल्यातल्या एका घराच्या बैठकीतली आहे. पण ज्यांच्या वावरात लव्हाळा, हरळी नाहीतर कुंदा आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. गोष्ट शेवटी तिकडंच जाते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अकोल्यात नोकरीला आहे. त्याला मासे पाळायचा नाद. आधी साधे गोड्या पाण्यातले मासे होते, दोन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली. चार फूट लांब, साडेतीनशे लिटरच्या आसपास पाणी. त्यात समुद्री मासे, दोन-तीन झिंगे, सच्छिद्र दगड आणि त्या दगडांवर बटणासारखे उमलणारे मऊ जीव. दगडी प्रवाळ त्यानं ठेवले नाहीत. ते २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. समुद्रातून ते उचलणं गुन्हा आहे. हौस असणाऱ्यांनी हे आधी लक्षात ठेवावं.

आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. म्हणून मी त्याची गंमत केली होती, "आमच्या बोअरचं पाणी घेऊन जा ना बाप्पा, मीठ कायले इकत आणतं?" तो म्हणे, "मामाजी, तुमचं पाणी खारं हाये, पण समुद्र नोहे." बरोबरच होतं त्याचं. ओलिताच्या पाण्याची ईसी ३ च्या वर गेली की आपण डोक्याला हात लावतो. समुद्राच्या पाण्याची ईसी ५० च्या घरात असते. लिटरमागं ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे त्याच्या टाकीला बारा किलो मीठ लागतं, तेही किराणा दुकानातलं नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम मापात असलेलं खास मीठ, आणि तेही आरओच्या पाण्यात. वर पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं. अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर. म्हणून टाकीला पाणी थंड करायचं यंत्र, आणि लाईन गेली तर इन्व्हर्टर. आपण कपाशीवर खर्च करतो तसा हा पोरगा पगारातला पैसा त्या काचेत घालतो. हसायला सोपं आहे, पण जीव पाळणं म्हटलं की काळजी सारखीच.

तर पोळ्याच्या सुमारास त्याच्या दगडावर एक नवीन जीव दिसला. तपकिरी, काचेसारखा अर्धवट आरपार, वर कर्ण्यासारखं तोंड आणि भोवती बारीक मिशा. नाव एप्टेशिया. समुद्रफुलाच्या जातीतलाच, पण टाकी पाळणाऱ्यांच्या लेखी तण. दगडासोबत लपून येतो, जसं शेणखतासोबत आपल्याकडं तणाचं बी येतं. बोट जवळ नेलं की एका क्षणात भोकात आत ओढला जातो. मिशांमध्ये डंखाच्या पेशी असतात. शेजारच्या मऊ जिवांना तो डंख मारत राहतो, आणि ते बिचारे हळूहळू मिटून जातात.

भाच्यानं काय केलं, तर ब्लेड घेऊन खरवडला. दिसायला दगड साफ. तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी आणि आजूबाजूला लहान लहान आठ-दहा उभे. पुन्हा खरवडले. दिवाळीला मी गेलो तेव्हा दगडावर मोजून ४१ होते.

मी त्याला एकच विचारलं, "हा वाढते कसा, हे पाह्यलं का तू?"

मग त्यानं वाचून काढलं. या जिवाला बुडाशी चिकटायचा तळवा असतो. त्या तळव्याचा बारीकसा तुकडा जरी दगडावर राहिला, तरी त्यातून नवा पूर्ण जीव तयार होतो. नुसता सरकत चालला तरी मागं तुकडे सोडत जातो. म्हणजे ब्लेड फिरवणं ही त्याची पेरणीच होती. वर त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर साखर तयार करते आणि त्याला घरबसल्या जेवण देते. त्याशिवाय माशांच्या खाद्याचे तुकडे तो मिशांनी पकडतो ते वेगळंच. उजेड फुकट, उरलेलं खाद्य फुकट. मग वाढणार नाही तर काय?

मंडळी, इथं मला आमचं नाल्याकाठचं वावर आठवलं. लव्हाळ्याचं असंच आहे. वरून निंदलं तर पातं तुटतं, खाली गाठींची माळ तशीच राहते. एकीला एक जोडलेल्या गाठी. माळ साबूत असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या बऱ्याच झोपलेल्या असतात. रोटाव्हेटर घातला की माळ तुटते, झोपलेल्या गाठी मोकळ्या होतात, आणि यंत्र त्या साऱ्या वावरात नेऊन टाकते. पंधरा दिवसांनी हिरवं गालिच्यासारखं वावर पाहून माणूस म्हणतो की यंदा लव्हाळा लय झाला. झाला नाही, आपण केला.

आता महत्त्वाचं. चिडलेल्या भाच्यानं बेत केला की दगडच बाहेर काढायचे आणि मोठ्या गंजात पाणी उकळून त्यात टाकायचे. बहिणीचा स्वयंपाकघरातला गॅस, दारं-खिडक्या लावलेल्या, थंडीचे दिवस. उकळलं की मरते, हे त्याचं गणित. अमरावतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे आमच्या गावचे एक सर आहेत. त्यांना फोन लावला. दगडावर बटणासारखे मऊ जीव आहेत म्हटल्याबरोबर ते जवळजवळ ओरडलेच, "उकळू देऊ नका!"

कारण असं. त्या बटणासारख्या जिवांना झोअँथिड म्हणतात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. पाण्यात न डिवचता राहू दिले तर ते जीव सहसा आपल्याला काही करत नाहीत. पण दगड उकळला, गरम पाणी ओतलं किंवा कोरडा करून ब्रशनं घासला, की विष वाफेसोबत, तुषारांसोबत हवेत येते. घरातल्या सगळ्यांच्या छातीत जाते. ताप, खोकला, धाप, तोंडाला कडवट चव. अमेरिकेत अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ या काळात घरात आणि मत्स्यपेटीच्या दुकानात असे प्रकार झाले, तिथल्या आरोग्य खात्यानं त्याची नोंद केली आहे. माझ्या बहिणीला दम्याचा त्रास आहे. त्या दिवशी गॅस पेटला असता तर काय झालं असतं, हे मी इथं लिहीत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. २०१७ चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. आपल्या अकोला-अमरावतीकडंही झळ लागली. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा कोंडलेली, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. किडीवर राग होता आणि घाई होती. औषध किडीपर्यंत जायच्या आधी माणसाच्या नाकात जाते, हे तेव्हा आपण मोठी किंमत मोजून शिकलो. टाकी असो की वावर, पहिला प्रश्न "मरते का?" हा नाही. "मारणाऱ्याच्या अंगावर काय येते?" हा आहे.

मग केलं काय, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, मोजणी. दर रविवारी दगडांचे फोटो काढायचे आणि आकडा वहीत लिहायचा. गुलाबी बोंडअळीला आपण कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की हालचाल करतो, तसं. आकड्याशिवाय औषध म्हणजे अंधारात गोटा मारणं.

दुसरं, त्याचं जेवण तोडलं. भाचा दिवसातून तीनदा खाद्य टाकायचा, ते एकदा केलं, तेही मासे दोन मिनिटांत खातील एवढंच. उरलेलं नळीनं ओढून काढायचं. जास्त युरिया दिला की कपाशी लुसलुशीत होते आणि मावा-तुडतुड्यांची चंगळ होते, त्यातलाच प्रकार.

तिसरं, चुना. हो, चुनाच. चांगल्या प्रतीची चुन्याची भुकटी थोड्या पाण्यात घट्ट कालवायची, सुई नसलेल्या सिरींजमध्ये भरायची, टाकीतला पंप बंद करायचा आणि समुद्रफूल उमललेलं असताना अगदी हळू त्याच्या तोंडावर सोडायचं. तो ते अन्न समजून आत घेतो आणि आतून जळतो. मिटू द्यायचा नाही, तुकडा पडू द्यायचा नाही. एका दिवशी पाच-सहाच, कारण चुन्यानं पाण्याचा सामू वर जातो आणि मासे तडफडतात. हातात मोजे, डोळ्याला चष्मा. वरूड-मोर्शीचे संत्रावाले बोर्डो मलम कालवताना जी काळजी घेतात तीच.

एका दुकानदारानं मात्र त्याला तांब्याचं औषध घ्यायला सांगितलं होतं. ते घेतलं नाही. तांबं माशांच्या काही रोगांवर चालते, पण झिंगे आणि मऊ जीव त्यानं मरतात, आणि चुनखडीचे दगड ते शोषून ठेवतात. मोरचूद बुरशीवर चांगलं म्हणून विहिरीत ओतत नाही ना आपण.

चौथं, शत्रू सोडला. लाल रेघांचा एक झिंगा असतो, पेपरमिंट म्हणतात. तो लहान एप्टेशिया खातो. पण दोन गोष्टी आहेत. एक, त्याच्यासारखाच दिसणारा, पाठीला कुबड असलेला दुसरा झिंगा दुकानात मिळतो, तो उलट आपले मऊ जीवच खातो. ओळख पटवल्याशिवाय घेऊ नये. दुसरं, त्याला वरून खाद्य मिळालं की तो शिकारीला जातच नाही. म्हणून दुसरी पायरी आधी आणि ही नंतर. ट्रायकोकार्ड लावायचं आणि दुसऱ्या दिवशी फवारा मारायचा, असं केलं की आपणच म्हणतो, कार्डात दम नाही.

फक्त एप्टेशियाच खाणारी बर्घिया नावाची एक समुद्री गोगलगाय पण आहे. कवच नाही, बोटाच्या पेराएवढी. एप्टेशियाच्या डंखाच्या पेशी खाऊन त्या न फोडता आपल्या पाठीवरच्या केसाळ गोंड्यांत साठवते आणि स्वतःच्या रक्षणाला वापरते. चोराच्या काठीनं चोराला राखणं, असं. एप्टेशिया संपला की ती उपाशी मरते, दुसरं काही तोंडात घेत नाही. भाच्याला ती मिळाली नाही. पण ऐकून मला गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगा आठवला. १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं गाजरगवत देशभर पसरलं, तेव्हा १९८० च्या दशकात मेक्सिकोतून तो भुंगा आणला. पावसाळ्यात बांधावर गाजरगवताची चाळणी झालेली दिसते ती त्याचीच कामगिरी. गाजरगवत त्यानं संपलं नाही, पण जिथं तो बसतो तिथं ते जोर धरत नाही.

आमचा आकडा पण तसाच गेला. दिवाळीला ४१, नाताळपर्यंत १९, शिवरात्रीला ६. शून्य झाला नाही, आणि होईल असं मी भाच्याला सांगितलंही नाही. दगडाच्या आतल्या भोकात कुठंतरी एखादा असणारच. पण मऊ जीव परत उमलले आहेत आणि माशांना काही झालं नाही. बहिणीचं स्वयंपाकघर स्वयंपाकापुरतंच राहिलं.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. हाच एप्टेशिया जगभरच्या प्रयोगशाळांत मुद्दाम पाळतात. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ गमावून पांढरे का पडतात, हे शिकायला चिवट आणि लवकर वाढणारा जीव पाहिजे, तो हा. २०१५ मध्ये त्याचा सगळा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या गुणानं तो टाकीत नकोसा, त्याच गुणानं तिथं हवासा. लव्हाळ्याच्या गाठी तरी काय, नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात आपणच अंगाला लावतो. जीव वाईट नसते. जागा चुकलेली असते आणि आपली पद्धत चुकते.

आता आमच्या नाल्याकाठच्या दोन एकरांचं. यंदा तिथं रोटाव्हेटर घालणार नाही, हे नक्की केलं. उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी वर आणायच्या आणि वैशाखाच्या उन्हात वाळू द्यायच्या. वाळल्या की मरतात, ओल मिळाली की जगतात, म्हणून नांगरणीनंतर पाणी नाही. वर आलेल्या गाठी वेचून बांधावर न टाकता जाळायच्या. खरिपात दाट सावली करणारं पीक घ्यायचं, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. तणनाशकाची वेळ आलीच, तर पीक नसताना, हिरवं पातं भरपूर असताना मारायचं, म्हणजे ते पात्यातून गाठीपर्यंत उतरते. आधी निंदून मग फवारलं तर औषध खाली न्यायला पातंच उरत नाही. आणि फवारणारा माझा गडी असो की मी, हातमोजे, तोंडाला मास्क आणि वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय पंप पाठीवर नाही.

एक मीटर गुणिले एक मीटरच्या चौकटी दहा ठिकाणी खुंट ठोकून आखल्या आहेत. त्यातली पाती मोजून आकडा वहीत लिहिला. पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा मोजीन आणि जो आकडा येईल, वाढलेला असो की घटलेला, तो इथं लिहीन. तुमच्या शिवारात कुणी लव्हाळा हटवला असेल, तर किती वर्षं लागली तेवढं नक्की सांगा.