ठेव

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. कायद्याशी माझा संबंध म्हणाल तर एखाद्या प्रकरणात दोन पानांपुरता वकील बोलावण्याइतकाच. असे असूनही गेल्या वर्षभरात विद्यापीठाचा एक अवघड विषय मी जवळजवळ सबंध ऐकला. फी भरली नाही की परीक्षेला बसलो नाही. माझी पुतणी पुण्याला कायदा शिकते. सुट्टीत घरी आली की ती मोठ्याने अभ्यास करते, आणि आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

विषयाचे नाव समन्याय आणि विश्वस्तव्यवस्थेचा कायदा. नाव ऐकताच आमच्या घरातून शेरा आला, "म्हणजे देवळाच्या पंचांची भांडणे ना?" शेरा अगदीच चुकीचा नव्हता. देवळे, धर्मशाळा, शिक्षणसंस्था यांच्या विश्वस्तांसाठी आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा आहे आणि त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. पण पुतणी ज्यात डोके घालून बसली होती तो कायदा १८८२ चा, खाजगी विश्वस्तांचा. एकाच्या नावावरची वस्तू दुसऱ्याच्या भल्यासाठी सांभाळायची, तर सांभाळणाऱ्याने कसे वागावे, हे तो सांगतो.

या कायद्याचे माहेर इंग्लंड. तिकडच्या पुस्तकांत त्याची गोष्ट अशी सांगतात : एक सरदार धर्मयुद्धावर निघतो. बायकामुलांची सोय म्हणून जमीन मित्राच्या नावावर करून देतो आणि सांगतो, "मी येईपर्यंत त्यांच्यासाठी सांभाळ." सरदार परत येत नाही, आणि मित्र म्हणतो, "जमीन माझी!" राजाची न्यायालये दस्तऐवज बघत. दस्तऐवजावर नाव मित्राचे, म्हणून जमीन मित्राची. विधवा रडत राजाकडे जाई आणि राजा तिला आपल्या चॅन्सेलरकडे पाठवी. हा चॅन्सेलर त्या काळी बहुधा धर्मगुरू असे. माणसांची पापे ऐकण्याची त्याच्या कानांना सवय. तो मित्राला बोलावून म्हणे, "कागदावर जमीन तुझी, हे कबूल. पण मनाला विचार, ती कुणासाठी घेतली होतीस? त्याप्रमाणे वाग, नाही तर तुरुंगात जा."

हे ऐकताना मला नंदिग्रामातला भरत आठवला. राज्य हाती असून त्याने सिंहासनावर पादुका ठेवल्या आणि चौदा वर्षांनी राज्य जसेच्या तसे परत दिले. पण सगळेच मित्र आणि सगळेच भाऊ भरत नसतात. जे नसतात त्यांच्यासाठी न्यायाची ही शाखा जन्माला आली.

पुढे मनाचा हा न्यायही कुरकुरू लागला. चॅन्सेलरच्या पावलाची लांबी हे जर माप धरले, तर चॅन्सेलर बदलला की माप बदलणार, अशी थट्टा सतराव्या शतकात जॉन सेल्डन या विद्वानाने केली. मग नियम झाले, नियमांचे जंगल झाले. चॅन्सरी न्यायालयातले खटले इतके रेंगाळू लागले की डिकन्सला 'ब्लीक हाउस' ही जाडजूड कादंबरी लिहावीशी वाटली. अखेर १८७३ आणि १८७५ च्या कायद्यांनी दोन्ही न्यायालये एक झाली. आपल्या मुंबई इलाख्यात तर एल्फिन्स्टनच्या अमदानीतच, १८२७ च्या नियमावलीत, लिहून ठेवले होते की जिथे कायदा नाही आणि रूढीही नाही, तिथे न्यायाधीशाने न्याय, समन्याय आणि सदसद्विवेकबुद्धी यांना स्मरून निकाल द्यावा.

इतके दिवस मी हे सारे कथेसारखे ऐकत होतो. पण एका संध्याकाळी पुतणी विम्याच्या प्रकरणावर आली आणि माझ्या हातातला कुंचला थांबला.

तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. आई आधीच गेलेली. भावाच्या विम्याच्या कागदावर पुढचे नाव माझे होते, म्हणून पैसे माझ्या हाती आले. लोक सहज म्हणत, "तुमच्या नावाने आले, तुमचेच ते." पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की असे नाव लावलेला मनुष्य पैसे फक्त स्वीकारतो, ते असतात वारसांचे. २०१५ साली कायदा बदलला. नाव आईवडिलांचे, पतिपत्नीचे किंवा मुलांचे असेल तर आता पैसा त्यांचाच होतो. भाऊ मात्र त्या यादीत नाही. वाचकहो, आपल्या घरातल्या कागदांवर कुणाची नावे आहेत, हे या दिवाळीत एकदा पाहून ठेवा.

निकाल तेव्हा मला ठाऊक नव्हता. मी ते पैसे पोरीच्या नावाने बँकेत ठेवले, एक लाल वही घातली आणि आलेगेले लिहू लागलो. वही घरात कुणाला आवडली नाही. "घरच्या लेकराचा कसला हिशेब? आपण का परके?" असे सौभाग्यवतींचे म्हणणे. एका श्रावणात आमची कौले इतकी गळू लागली की पातेली कमी पडली. तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या पैशांतून छप्पर करा. ती काय पावसात राहते? छप्पर तिच्याही डोक्यावर आहेच की!"

या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले, आणि पुढे दोन वर्षे घरात तो विषय मीठ जास्त पडलेल्या आमटीसारखा कुणी काढला नाही.

उत्तर मिळाले ते पुतणीच्या पुस्तकात. १७२६ सालचा कीच विरुद्ध सँडफर्ड हा खटला. रमफर्डच्या बाजाराचा पट्टा एका मुलासाठी एका विश्वस्ताकडे होता. मुदत संपली. मालक म्हणाला, मुलाला पट्टा पुन्हा देणार नाही. तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःसाठी घेतला. लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी निकाल दिला : पट्टा मुलाला द्या, नफ्याचा हिशेब द्या. सगळ्या जगात कुणीही तो घेऊ शकला असता. विश्वस्ताने मात्र घ्यायचा नाही.

"काका, हा अन्यायच नाही का?" पुतणी म्हणाली. "मुलाला तर मिळणारच नव्हता. त्या बिचाऱ्याने कुणाचे काय नेले?"

मी म्हटले, "पोरी, तुझ्या काकूने एकदा छपराची गोष्ट काढली होती." आणि सगळी सांगितली. मोह कधी चोराच्या वेषात येत नाही. तो छप्पर होऊन येतो, मुलाच्या भल्याची भाषा बोलत येतो. आज छप्पर, उद्या त्याच्यावर माडी. कुठे थांबायचे हे सांभाळणाऱ्याला स्वतःला ठरवता येत नाही, म्हणून न्यायाधीशाने पहिल्याच पायरीवर दार लावून घेतले.

ती काही बोलली नाही. अठरा पुरी झाली तेव्हा मी तिला पासबुक आणि वही दिली होती. तिने ती न उघडताच ट्रंकेत ठेवली होती. त्या रात्री तिने वही काढली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. सकाळी म्हणाली, "काका, शाळेची फी आहे, चष्मा आहे. जेवणखाण, कपडे कुठेच नाहीत. कलम ३२ प्रमाणे विश्वस्ताला खर्च मागता येतो."

"तो खर्च विश्वस्ताने नाही केला," मी म्हणालो, "काकाने केला."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग इतक्या वर्षांच्या पोळ्या मी कोणत्या कलमात घालू?"

तिघेही हसलो. मग तिने शेवटच्या पानावर लिहिले, "हिशेब पाहिला, समजला, रक्कम पावली," आणि खाली सही केली. इतक्या वर्षांत आम्ही तिला जीव लावला, त्याची पावती कुणी देत नाही आणि मागूही नये. पण पैशांची पावती हातात आली तेव्हा मला भावासमोर ताठ मानेने उभे राहिल्यासारखे वाटले.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती लाल वही मांडायची आहे. हे मी ठरवलेले नाही. सौभाग्यवतींनी ठरवले आहे.