आधी माप, मग पाना

चि. बाळ यास,


तू खोललेल्या इंजिनाचा फोटो पाहिला आणि रात्री झोप लागली नाही. गोठ्यात गोणपाटावर चार पिस्टन, एका घमेल्यात सगळ्या कॅपा, बोल्ट आणि शेल एकत्र, दुसऱ्यात आठही व्हॉल्व्ह. आणि खाली तुझी ओळ : ‘मामा, रिंगा कोणत्या आणू?’ अरे, रिंगांचं नंतर! कनेक्टिंग रॉडच्या कॅपा खोलताना खुणा केल्यास का? त्या चारही दिसायला सारख्या; पण प्रत्येक कॅप आपल्याच रॉडबरोबर जोडून बोअर केलेली असते. एकाची दुसऱ्याला लावलीस तर तिथलं भोक गोल राहत नाही. रॉडवर आणि कॅपवर नंबर ठोकलेले असतात, तेलकट काळं पुसून बघ. मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅपाही उलट्या बसता कामा नयेत. मी शिकाऊ असताना आमच्या गॅरेजात एका पोराने कॅपा मिसळल्या होत्या. इंजिन बांधून झालं आणि क्रँक हाताने हलेना. वस्ताद काही बोलले नाहीत, पुन्हा सगळं खोलायला लावलं. तेव्हापासून मी खडू आणि पंच खिशात ठेवूनच पाना उचलतो.

फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस, म्हणून कागदावर लिहितोय. हे पत्र गोठ्याच्या भिंतीला लाव.

भाऊजींची ती पद्मिनी 1975 सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली; तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्याआधी हीच गाडी फियाट अकराशे म्हणून ओळखली जायची, पद्मिनी हे नाव 1974 मध्ये लागलं. इंजिन 1089 सीसी. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. हे आकडे तुला पाठ हवेत, कारण तुझं सगळं काम त्यांच्यापासून किती ढळलंय हे शोधण्याचं आहे. तू ते न शोधता रिंगा विचारतोस, याचंच मला वाईट वाटतं.

नीट ऐक. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथपर्यंत जाऊन वळते तिथे सर्वांत जास्त झिजतो, खाली कमी. नख फिरव, वर काठ लागेल. बोअर डायलने प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोज : एकदा क्रँकच्या लांबीने, एकदा आडवं. वहीत लिही. वरच्या-खालच्या मापात दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक निघाला, तर नुसत्या रिंगांनी भागणार नाही. ब्लॉक लेथवाल्याकडे जाईल, बोअरिंग-होनिंग होईल, पिस्टन ओव्हरसाइज येतील आणि रिंगा त्या पिस्टनच्या मापाच्या येतील. मग तू आज आणलेल्या रिंगा कुठे घालशील? बोअर एक दशांशने वाढला की रिंगेची फट तीन दशांशने वाढते, कारण घेर व्यासाच्या तिपटीहून जास्त असतो. हे शाळेतलं गणित आहे. 68 च्या बोअरला ही फट साधारण पाव मिलिमीटर असावी. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलायची आणि फिलर गेज लावायचा. तेवढं केलं तर गाडी धूर का मारते ते कळतं. नाहीतर नवीन रिंगा घालूनही ती ऑइल खात राहते आणि आपण दुकानदाराला दोष देतो.

क्रँकचंही तसंच. जर्नल दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोज. अंडाकृती झालं असेल तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज शेल. हे काम घरी होत नाही. घासायला पॉलिशपेपर घेऊन बसू नकोस! लेथवाल्याकडे ब्लॉक आणि क्रँक दोन्ही एकदम ने, जालन्याला चांगले हात आहेत. पण जाताना तुझी वही ने आणि तो काय मोजतो ते शेजारी उभं राहून बघ.

माझा राग रिंगांवर नाही, बाळ. आजकाल कोणी मोजतच नाही, हे मला खातं. विहिरीची मोटर जळली की बदल. ट्रॅक्टरचा पंप कुरकुरला की बदल. पोरं गॅरेजात येतात, महिन्यात पार्ट बदलायला शिकतात, आणि दहा वर्षांनीही फिलर गेज धरता येत नाही. बिघाड का झाला हे न शोधता पार्ट बदलला तर नवा पार्टही त्याच कारणाने जातो. वस्ताद आम्हाला पहिले सहा महिने खोलायला देतच नसत, फक्त धुवायला आणि मोजायला. तेव्हा चीड यायची. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात. तू इंजिनिअरिंग शिकलास, पुण्यात कॅलिपर हाताळलास, आणि आजोबांच्या गोठ्यात येऊन अंदाजाने काम करतोस? भाऊजी डिझेलचा डबासुद्धा मोजपट्टी बुडवून घ्यायचे, आठवतं ना?

आणि तुझं ते दुसरं वाक्य. ‘नाही जमलं तर मारुतीचं इंजिन टाकतो.’ ते तुझ्या आईला ऐकवू नकोस.  शिवाय तुझं नुकसानही आहे. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची, फी वीस हजार. अट ही की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. आपली गाडी आता त्या वयाची झाली. दुसरं इंजिन टाकलंस की तो दरवाजा बंद. अर्थात तशी नोंदलेली गाडी रोज वापरता येत नाही, हेही विचारात घे. मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. पद्मिनीचे पार्ट कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून मिळतील, पण मूळ इंजिन कोणी नव्याने ओतणार नाही.

पाण्याचं राहिलंच. आपल्या बीबी गावच्या बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नकोस. लोणारच्या खाऱ्या तळ्याच्या शेजारचे आपण, चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो तोच ब्लॉकच्या पाणवाटेत बसतो, आणि हेड अॅल्युमिनियमचं, ते खाल्लं जातं आणि गरम होऊन वाकतं. हेडवर सरळ पट्टी तिरकी ठेवून खाली गेज घालून बघ. बांधताना बोल्ट मधून बाहेर, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने. गरम करून थंड झाल्यावर पुन्हा तपास. कूलंट विकतचंच घाल.

पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्याही बदल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नकोस, डिझेल घे, आणि गोठ्याच्या त्या कोपऱ्यातला कडबा आजच हलव. बॅटरीची तार काढून ठेव. पोरांना आत येऊ देऊ नकोस.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. इंजिन उतरवताना तू साखळी गोठ्याच्या त्या जुन्या लाकडाला बांधलीस, फोटोत दिसतंय. ते सागाचं असलं तरी भिंतीत गेलेलं टोक वाळवीने खाल्लेलं आहे, भाऊजींना माहीत होतं. गिअरबॉक्ससकट शंभर किलोच्या वरचं वजन, आणि खाली तू! एकदा निभावलं म्हणून परत निभावेल असं नाही. चढवायला लोखंडी घोडी आणि चेन कप्पी मेहकरहून भाड्याने आण. आणि इंजिन सुरू झालं की लगेच समृद्धी महामार्गावर नेऊ नकोस. पहिले काहीशे किलोमीटर हळू, सुलतानपूरपर्यंत जाऊन ये, इतकंच. एकशेवीसच्या रस्त्यासाठी ना ते ब्रेक आहेत ना ते टायर.

माझ्या गुडघ्याचे टाके अजून ओले आहेत, डॉक्टर दिवाळीपर्यंत प्रवास नको म्हणतात. वहीतल्या मापांचा फोटो पाठव, मी इथून वाचून काय करायचं ते कळवीन. मोजायचं, धुवायचं, लिहायचं काम तू एकट्याने कर. इंजिन चढवायला मात्र मी येईपर्यंत थांब. आणि त्या लाकडाला पुन्हा साखळी लावणार नाहीस, असं मला शब्द देऊन कळव.

तुझा,
मामा