सोडमचा ‘एम-१६’

सोडम हा जर्मनीतल्या रूर खोऱ्याचा, गेल्सनकिर्खनचा मेटल बँड; ‘एम-१६’च्या वेळी त्रिकूट. गायक आणि बेसवादक टॉम एंजलरिपर आधी कोळशाच्या खाणीत कामाला होता. १९८०च्या दशकातला त्यांचा ओबडधोबड, सैतानी आवाज पुढे नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलवाल्यांनी डोक्यावर घेतला. सोडम स्वतः मात्र थ्रॅशकडे वळले आणि युद्धावर गाऊ लागले. १९८९च्या ‘एजंट ऑरेंज’चं नाव व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या विषावरून घेतलेलं. २००१च्या ‘एम-१६’मध्ये तर मुख्य विषयच ते युद्ध.

हा अल्बम मी पुण्यात हॉस्टेलवर असताना ऐकला, मित्रानं राइट करून दिलेल्या सीडीवरून. ‘नेपाम इन द मॉर्निंग’वर जीव जडला. नाव ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या व्हिएतनामवरच्या सिनेमातल्या संवादावरून उचललेलं, पण गाणं पळत सुटत नाही, पायात चिखल अडकल्यासारखं जड चालतं. रूममेटला ते अजिबात सोसवेना. “हे काय काकड आरती लावलीयस? पुढचं लाव!” पुढचं, म्हणजे ‘माइनजंपर’, त्याला आवडायचं. मला ते भरतीचं वाटायचं, आजही वाटतं. ‘लिटल बॉय’ तर हिरोशिमावरच्या बॉम्बचं नाव. व्हिएतनामच्या अल्बममध्ये ते कशाला? आणि शेवटी ‘सर्फिन बर्ड’, ट्रॅशमेनचं १९६३चं खुळं गाणं. त्याच युद्धावरच्या कुब्रिकच्या ‘फुल मेटल जॅकेट’ सिनेमात ते वाजतं, म्हणून इथेही. आधी मजा वाटली, मग वाटलं, यांनी व्हिएतनाम पाहिलं ते थेटरातच की काय!

पुढे कंपनीच्या कामासाठी हो ची मिन्ह सिटीला जाणं झालं. रविवारी सहकाऱ्यांबरोबर कू चीची भुयारं बघायला गेलो. तिथे चक्क गोळीबाराचं मैदान आहे. काउंटरवर मोजून गोळ्या विकत घ्यायच्या, कानांना जाडजूड इअरमफ लावायचे आणि हवी ती बंदूक चालवायची. सहकाऱ्यानं एम-१६ घेतली. अल्बममध्ये जो घुमारा आहे, तसलं काही नाही. कोरडा, टोकदार फटका, इअरमफच्या आतूनही दातांत जाणवणारा. झडलेलं काडतूस सिमेंटवर पडून टणटणत गेलं. ते उचलायला वाकलो आणि बोट भाजलं.

हीच अमेरिकी रायफल सुरुवातीच्या काळात ऐन लढाईत अडकायची. काडतुसांतली दारू बदललेली, नळीला आतून क्रोमचा मुलामा नाही, साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलेलं नाही. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं त्याची चौकशी केली होती. वरच्यांनी दिलेलं खराब हत्यार आणि खाली त्याच्या भरवशावर सोडलेली पोरं: खाणीतून आलेल्या गायकानं यावर अख्खं गाणं करायला हवं होतं. शीर्षकगीत मात्र कुठेही न अडखळता सुसाट जातं.

परतायच्या आदल्या दिवशी शहरातलं युद्धावशेष संग्रहालय पाहिलं. आवारात हेलिकॉप्टर आणि रणगाडे, लोक त्यांच्यासमोर फोटो काढत होते. वर ‘रेक्विएम’ नावाचं दालन आहे: इंडोचीनच्या युद्धांत मारल्या गेलेल्या, दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांची छायाचित्रं. ती जमवणाऱ्यांपैकी एक हॉर्स्ट फास, म्हणजे जर्मनच. तो स्वतः कॅमेरा घेऊन त्या युद्धात वावरला होता. त्या भिंतींवर गावकरी आहेत, बाया आहेत, उत्तरेकडचे शिपाईही आहेत. सोडमच्या अल्बममध्ये मला ऐकू येतो तो बहुतेक अमेरिकी शिपायाचाच आवाज, तोही सिनेमाच्या गाळणीतून आलेला.

रात्री हॉटेलवर पुन्हा सगळा अल्बम ऐकला. ‘नेपाम’ अजूनही अंगावर येतं, ‘आय ॲम द वॉर’सुद्धा. बाकीच्यात बँडच्या गिटारवादकाची, बर्नमानची, गिटार ऐकावी, शब्दांकडे फार लक्ष देऊ नये. ‘सर्फिन बर्ड’ लागलं तेव्हा बंद करून बॅग भरायला घेतली.