भरतपूरची पत्रे

भरतपूर, रविवार, रात्री

केवलादेव राष्ट्रीय उद्यान भरतपूर शहराला खेटूनच आहे. क्षेत्रफळ सुमारे 29 चौरस किलोमीटर. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्याचा, बाकी गवत, बोरी, बाभळी आणि कळंब. फाटकातून निघालेला डांबरी रस्ता मधोमध असलेल्या केवलादेवाच्या देवळापर्यंत जातो. त्याला दोन्ही बाजूंनी मातीचे बांध फुटतात आणि पक्षी खरे दिसतात ते या बांधांवरून. खासगी मोटारींना आत मज्जाव आहे. रिक्षावाले पक्षी उत्तम ओळखतात, पण रिक्षा रस्ता सोडत नाही. पायी निघाले तर सकाळ रस्त्यावरच सरते. तेव्हा सायकल.

भाड्याची सायकल मात्र पारखून घ्यावी लागते. आज मिळालेलीचा मागचा ब्रेक नावापुरता, सीट वर करायला पाना नाही आणि चेनवर गेल्या पावसाळ्याचा गंज. दुकानदाराला हे दाखवले तर ‘चलेगी’ एवढेच उत्तर येते आणि ओळखपत्र गल्ल्यात जाते. दुसरी मागितली की तो शेगडीकडे तोंड करून बसतो.

निफाडच्या थंडीचा घरात जो अभिमान आहे, तो इथे मिरवू नये. निफाडला पारा उतरतो तो पहाटेपुरता. नऊच्या उन्हात अंगणात बसता येते. इथे जानेवारीत दहा-दहा वाजेपर्यंत धुके हलत नाही, आणि त्यातली ओल दोन स्वेटरांतून आत शिरते. मावशींनी विणून दिलेले हातमोजे बोटांशी उघडे आहेत. दुर्बिणीचे चाक फिरवायला ते सोयीचे, सायकलचे हँडल धरायला अगदीच कुचकामी. लॉजवर गरम पाणी सहाला सांगितले तर आठला येते, तेही कोमट.

खाण्याचे बरे आहे. सकाळी बेडई मिळते, म्हणजे उडदाचे सारण भरलेली खुसखुशीत पुरी, सोबत बटाट्याची झणझणीत पातळ भाजी आणि शेवटी जिलेबी. भाजी संपली की न मागता पुन्हा वाढतात. कुल्हडातला चहा आल्याचा असतो आणि हात शेकायलाही होतो. रात्रीच्या जेवणात मात्र सगळीकडे मोहरीचे तेल. त्याचा उग्र वास पांघरुणालाही लागतो. शेंगदाण्याचे कूट घातलेली एखादी साधी भाजी मिळाली तर तिच्यावर आजची जिलेबी ओवाळून टाकता येईल.

ताजमहाल वाटेत झाला. गर्दी होती.

केवलादेव देवळाजवळ, सोमवार, दुपारी

धुके साडेअकराला उठले. पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी अजून भरलेली आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जुळवाजुळव सुरू होते आणि पिल्ले उडेपर्यंत हिवाळा उलटत येतो. एकेका झाडावर घरट्यांची इतकी दाटी असते की फांद्या विष्ठेने पांढऱ्या पडतात. मोठी झालेली मळकट पिल्ले दिवसभर अन्नासाठी ओरडतात. सर्पपक्षी पंख पसरून वाळवत बसतो. उघड्या पाण्यात तलवार बदके, थापटे आणि वारकरी. बांधाच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या. पलीकडच्या गवतात पट्टकादंब, जे हिमालय ओलांडून येतात. सारसांची जोडी लांब होती. कोरड्या भागात साळिंदराच्या बिळांशी अजगर ऊन खात पडतात, मात्र त्यासाठी आधी ऊन पडावे लागते.

बापूंनी फोनवर विचारले होते की वाळवंटाच्या राज्यात एवढे पाणी आले कुठून. भरतपूर वाळवंटात नाही, राजस्थानच्या पूर्व टोकाला आहे. पण प्रश्न रास्त आहे. ही मुळात खोलगट जमीन. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमापाशी अजान बांध घातला. पानिपतातून जीव वाचवून परतणाऱ्या मराठ्यांना अन्नवस्त्र आणि आसरा देणारा सूरजमल तो हाच. बांधातले पावसाळी पाणी या खोलगटात उतरू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने इथे चर खणले, आडवे बांध घालून पाण्याचे कप्पे पाडले आणि दारे बसवून कोणत्या कप्प्यात किती पाणी ठेवायचे ते हाती घेतले. हेतू एकच होता, बदकांची शिकार. आज ज्या बांधांवरून सायकली जातात ते बंदुका घेतलेल्या पाहुण्यांसाठी रचलेले आहेत.

त्याचा हिशेब देवळाजवळच्या दगडी फलकांवर तारीखवार कोरलेला आहे. कोण पाहुणे, किती बंदुका, किती पक्षी. सुरुवात 1902ची. सर्वांत मोठा आकडा 12 नोव्हेंबर 1938चा: व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी. शाळेची सहल या फलकांपुढे उभी राहून फोटो काढते आणि पुढे जाते. एवढे पक्षी मोजायला किती माणसे लागली असतील, ते फलकावर नाही.

निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात, पण दोन्हींची जन्मकथा वेगळी. नांदूरचा बंधारा शेतीच्या कालव्यांसाठी घातला गेला. गाळ साचला, उथळ पाणी पसरले आणि पक्षी आपसूक आले. इथले पाणी पक्ष्यांसाठीच आणले गेले, त्यांना मारण्यासाठी का होईना. पाणथळ जागांच्या रामसर यादीत केवलादेव 1981 साली ओडिशातल्या चिलिकासोबत आले. देशातली ही पहिली दोन नावे. नांदूर 2020 साली, महाराष्ट्रातले पहिले. बापूंना त्या बातमीचे कात्रण कुठे ठेवले ते आठवत असेल.

भरतपूर, मंगळवार, रात्री

आज चेन उतरली. उलट्या दिशेने तळपाय दुखेपर्यंत चालणे झाले आणि त्या निमित्ताने कुंपणाची भिंत नीट पाहता आली. ही दगडी भिंत साधारण दोन मीटर उंच आहे आणि उद्यानाला पूर्ण वेढा घालते. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर आतली चराई बंद केली गेली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत होत्या. लोक फाटकाशी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मेले. पुढे निराळेच झाले. म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि बदकांना पोहायला, मासे खाणाऱ्या पक्ष्यांना शिकारीला जागा अपुरी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे ऐंशीच्या दशकात दीर्घ अभ्यास केला. म्हैस या तळ्याचे नुकसान करत नव्हती, उलट ते मोकळे ठेवत होती, असा त्याचा निष्कर्ष. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना तो किती कामाचा होता, हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा. आता गवत आणि वेडी बाभूळ माणसांकरवी काढावी लागते.

सायबेरियन क्रौंच इथे दिसत नाहीत. साठच्या दशकात त्यांची संख्या शेकड्यात होती. पुढे ती घटत गेली आणि 2002च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. कारणांचा मोठा भाग भरतपूरच्या बाहेर, त्यांच्या हजारो किलोमीटरच्या वाटेवरच्या शिकारीत आहे. स्वागतफलकावर मात्र हा पक्षी अजून उभा आहे, आणि लॉजच्या भिंतीवरही.

पाण्याचे दुखणे याहून जवळचे. उद्यानाला वर्षाला सुमारे 55 कोटी घनफूट पाणी लागते. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले आणि अजान बांधाकडे येणारे पाणी अडले. वरच्या गावांना शेतीसाठी पाणी हवे, खाली पक्ष्यांना; मधे धरणाची दारे. गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक आणि मराठवाडा दरवर्षी भांडताना पाहणाऱ्या घरात हे जास्त फोड करून सांगायला नको. 2004च्या सुमारास तळी कोरडी पडली. बलाकांची वीण थांबली आणि जागतिक वारसा यादीतले 1985 सालापासूनचे स्थानही डगमगले. मग गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी नळातून आणले गेले आणि चंबळचेही.

पण नळाचे पाणी नदीच्या पाण्यासारखे नसते. अजान बांधाचे पाणी येई ते मत्स्यबीज, गाळ आणि पाणवनस्पतींचे बी घेऊन. चित्रबलाक पिल्लांना मासेच भरवतो. पाणी पातळीपर्यंत आले आणि त्यात मासे नसले तर बाभळीवर घरटी बांधून उपयोग नाही. म्हणून इथले जुने लोक पाऊस कसा झाला असे न विचारता अजानचे पाणी आले का असे विचारतात.

भरतपूर स्टेशन, बुधवार

गाडी दोन तास उशिरा. फलाटावर धुके आहे आणि चहावाला या टोकाला येत नाही. कोणाला यायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. घरट्यांची गजबज पाहायची तर सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा स्थलांतरित बदके थोडी असतात. मार्चनंतर पाणी हटू लागते, उन्हाळ्यात फक्त खोल डबकी उरतात आणि नीलगायी तळात चरतात. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या पाण्याची चौकशी करावी. दुर्बीण घरून आणावी, सायकलचा पाना आणि पूर्ण बोटांचे हातमोजेसुद्धा. इथला लोहागड किल्ला बाहेरून पाहिला, मातीचा तट जाडजूड आहे.

गजकाचा डबा पिशवीत आहे. बापूंच्या दातांना तो झेपणार नाही, त्यांच्यासाठी पेठा घेतला आहे. साखर मोजूनच द्यावा.