मंमं, भूर आणि हरवलेला चष्मा

घरात तान्हे मूल आले की ते बोलू लागण्याआधी मोठ्यांचीच भाषा बदलते. जेवणाचे 'मंमं' होते, दुधाचे 'दुदू', झोपेचे 'गाई गाई' आणि फिरायला जाण्याचे 'भूर'. माझी मुले लहान असताना पन्नाशीच्या रुग्णाची जखम पाहतानाही 'कुठे बाऊ झाला?' हेच शब्द ओठांवर येत. आपणही या शब्दकोशातून एकदा गेला आहात. नातवंडे आली की त्याची दुसरी आवृत्ती निघते. या बोबड्या बोलांनी आपली शब्दसंपत्ती घटत नाही. उलट लांबवलेले स्वर, संथ लय आणि पुनरुक्ती यांमुळे बाळाला भाषा उमगायला मदतच होते.

मात्र या दुसऱ्या आवृत्तीबरोबर एक धास्तीही येते. नातवाला हाक मारताना आधी मुलाचे, मग पुतण्याचे, क्वचित मांजराचेही नाव तोंडी येते आणि आजी काळजीने विचारतात, "डॉक्टर, हा स्मृतिभ्रंश तर नव्हे?" बहुधा नव्हे. मायेच्या माणसांची नावे मेंदू जणू एकाच कप्प्यात ठेवतो. घाईत शेजारचे नाव हाती लागते. चष्मा ठेवताना लक्ष रांगत्या बाळाकडे होते. जे नीट टिपलेच गेले नाही, ते आठवणार कसे? त्यात झोपमोड झाली, तर दिवसभराच्या आठवणी पक्क्या होण्याचे कामही अपुरे राहते.

परंतु हसण्यावारी नेऊ नये अशीही विस्मृती असते. चष्मा हरवणे निराळे. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे निराळे. रोजच्या बागेतून परतताना वाट चुकणे, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब वा स्वयंपाक न जमणे, अशा वेळी 'वय झाले' म्हणून थांबू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, काही झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय करता येतात. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरातील तरुणांना एक विनंती. आजोबांनी चुकीचे नाव घेतले, तर मुलांदेखत टोकू नका. पण काय विसरले, केव्हा विसरले याची वहीत नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा. आणि आजी-आजोबांनो, दुपारी नातवाला 'गाई गाई' म्हणाल, तेव्हा आपणही जरा लवंडा.